हिवाळे सरांची मोजणी

कुणाची ओळख करून द्यायची वेळ आली की मी गप्प बसतो. लग्नकार्यात, सभेत, कुणाच्या घरी, कुठंही असो, शेजारच्या माणसाकडे नुसता हात करतो आणि त्याचं नाव त्यालाच सांगू देतो. बायकोला हा शिष्टपणा वाटतो. मुलांना वाटतं, म्हाताऱ्याला आता नावं आठवत नाहीत. मला नावं चांगली आठवतात. एक नाव तर इतकं पक्कं आठवतं, की ते ज्यांचं होतं त्यांच्याविषयी एकदा नीट लिहून टाकावं असं पुष्कळ वर्षं मनात होतं. पुष्कळ वर्षं मी ते टाळलंही.

भगवान तुकाराम हिवाळे. परतूरच्या ज्या शाळेत मी गणित शिकवायचो, तिथं ते भूगोल शिकवायचे. बाहत्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. काळेसावळे, काटक, पांढरा पायजमा, पांढरा सदरा आणि पायात टायरच्या चपला. सदऱ्याच्या डाव्या खिशात मूठभर चिंचोके. नवा माणूस पहिल्यांदा त्यांच्या खिशाकडेच बघायचा, कारण चालताना ते खुळखुळायचे.

चिंचोके मोजणीसाठी होते. हिवाळे सर पायी निघाले की पावलं मोजायचे. शंभर झाली की डाव्या खिशातला एक चिंचोका उजव्या खिशात जायचा. मुक्कामाला पोचल्यावर उजवा खिसा उपडा करायचा, चिंचोके मोजायचे, वर उरलेली पावलं मिळवायची आणि वहीत आकडा लिहायचा. त्यांचं पाऊल अडीच फुटांचं होतं. दर सहा महिन्यांनी शाळेच्या व्हरांड्यात टेप लावून ते स्वतःचं पाऊल तपासायचे, कारण वय झालं की पाऊल आखूड होतं असं त्यांचं म्हणणं होतं. अशा रीतीनं त्यांनी अख्खं परतूर मोजलं होतं. स्टेशन ते मोंढा, मोंढा ते शाळा, शाळा ते तहसील. त्यावरून काढलेला गावाचा नकाशा सातवीच्या वर्गात टांगलेला होता आणि कधी कधी तहसीलची माणसंसुद्धा तो बघायला यायची.

मोजणी चालू असताना ते कुणाशीही बोलत नसत. हाक मारली की मागं न बघता उजवा तळहात वर करायचे. याचा अर्थ, थांबा. शंभरावं पाऊल पडलं की उभे राहायचे, चिंचोका इकडचा तिकडं करायचे, मग वळून म्हणायचे, ‘‘बोला.’’ तुम्ही काय विचारलं होतं ते त्यांना बरोबर लक्षात असायचं. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी फाटकातून त्यांना हाक मारली. सरांनी हात वर केला आणि चालत राहिले. हेडमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. साहेब उन्हात उभे, हेडमास्तर हात जोडून उभे आणि हिवाळे सर आपले मैदान ओलांडतायत. शेवटी वळून जवळ आले आणि अगदी सरळपणे म्हणाले, बासष्टाव्या पावलाला तुम्ही हाक मारली, अडतीस बाकी होती, माफी असावी. साहेबांना हसू आवरेना. त्यांनी शेऱ्यात हिवाळे सरांचं कौतुक केलं. हेडमास्तरांना मात्र पुढं आठवडाभर जेवण गेलं नाही.

बोलण्यात त्यांचे दोन शिक्के होते. स्वतः मोजलेलं, चाललेलं, पाहिलेलं असलं की म्हणायचे ‘बराबर’. नसलं की वाक्याच्या शेवटी ‘असं म्हणतात’. परतूरजवळून दुधना वाहते, बराबर. हिमालय जगात सगळ्यात उंच आहे, असं म्हणतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, असं म्हणतात. पोरं परीक्षेतसुद्धा तसंच लिहायची आणि तपासायला दुसरा कुणी मास्तर असला की त्यांचे मार्क जायचे. सरांना त्याचं वाईट वाटायचं, पण शिकवण्याची पद्धत काही त्यांनी बदलली नाही.

समुद्राच्या धड्याला त्यांची फार पंचाईत व्हायची. समुद्र खारा असतो, असं म्हणतात. त्याला दिवसातून दोनदा भरती येते, असं म्हणतात. एका वर्षी त्यांनी बादलीभर पाण्यात मीठ अगदी तोलून घातलं आणि पोरांना म्हणाले, बोट बुडवून चाखा, समुद्र असा लागतो म्हणतात. अर्ध्या वर्गानं चाखलं. अर्ध्या वर्गानं बोट घातलं नाही. हिवाळे सरांच्या हातचं पाणी घरी चालणार नाही, हे त्या पोरांना पुस्तकाबाहेर शिकवलेलं होतं. सरांनी ते पाहिलं. बादली उचलून कडुलिंबाच्या आळ्यात ओतली. खारं पाणी झाडाला चांगलं नाही हे मी त्यांना सांगितलं नाही, कारण त्या वेळी काही सांगावं असा त्यांचा चेहरा नव्हता.

ते भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचे. घरची मोलमजुरी. स्वतःविषयी फारसं बोलत नसत, पण एक गोष्ट त्यांनी मला सांगितली होती. शाळेत नाव घालताना मास्तरांनी रजिस्टरात ‘भग्या तुका’ एवढंच लिहिलं. पुढं भोकरदनला शिकायला जायची वेळ आली तेव्हा दाखल्यावर तेच उतरलं. ते नाव सुधारून घ्यायला हा मुलगा पिंपळगाव ते भोकरदन तीनदा पायी गेला आणि तीनदा परत आला. चौथ्या खेपेला कागदावर ‘भगवान तुकाराम हिवाळे’ असं लिहून मिळालं. पावलं मोजायची सवय त्याच रस्त्यावर लागली, कारण मोजलं की रस्ता कमी वाटतो. नाव विचारलं की ते नेहमी पूर्ण सांगायचे, गावासकट, याचं कारण मला त्या दिवशी कळलं. कळलं होतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. पुढं जे मी केलं ते न कळून केलं, असं म्हणायची सोय मला नाही.

आम्ही बोरा. आमचे पणजोबा मारवाडातून आले. परतूरच्या मोंढ्यात आमची धान्याची आडत, घरात जैन धर्माचं सगळं कडक. मी मास्तर झालो हे वडिलांच्या दृष्टीनं नुकसानीत गेलेलं खातं होतं. हिवाळे सर माझ्याकडे यायचे ते दुकानाच्या ओट्यापर्यंत. आम्ही तासन्‌तास ओट्यावर बसून नकाशाचं प्रमाण काढायचो. त्यांनी आत यायचा विषय काढला नाही आणि मीही कधी या म्हटलं नाही. तेव्हा मला ते फार समजूतदारपणाचं वाटत होतं.

समुद्र पायानं बघायचा आणि पोरांना बराबर शिकवायचा, हे त्यांनी एका दिवाळीच्या सुट्टीत ठरवलं. कोकणातलं एक जुनं बंदराचं गाव त्यांनी निवडलं होतं, कारण त्याला लागूनच टेकडीवर किल्ला होता. गाव, बंदर आणि किल्ला तिन्ही पायी मोजून एकाच नकाशात बसवायचे, असा बेत. मला बरोबर घेतलं ते किल्ल्याच्या उंचीसाठी. कोनमापक आणि ओळंबा लावून उंची काढायचं गणित माझं. गावाचं नाव इथं लिहीत नाही. त्या गावाचा काही दोष नव्हता, आणि नाव लिहिलं तर लोक ते घर शोधत बसतील.

परतूरहून औरंगाबाद, तिथून पुणं आणि पुण्याहून घाट उतरणारी एस. टी. असे आम्ही दुसऱ्या दिवशी दुपार कलताना पोचलो. उतरल्यावर सरांनी नाक वर करून वास घेतला. समुद्र घरांच्या मागंच होता. लाटांचा आवाज येत होता. त्यांना दहा मिनिटांत तिथं जाता आलं असतं. पण माझा चातुर्मास चालू होता. दिवस बुडायच्या आत जेवायचं, कांदा-लसूण नाही, आणि ज्या चुलीवर मासळी शिजते तिथलं तर पाणीसुद्धा नाही. स्टँडसमोरच्या दोन्ही खानावळींतून तळल्या मासळीचा वास येत होता. सर मासळी खाणारे. ते तिथंच पोटभर जेवून किनाऱ्यावर जाऊन बसले असते तर मला बोलायला जागा नव्हती. पण ते म्हणाले, ‘‘अगूदर तुमचं बघू. समुद्र कुठं पळून चालला?’’

म्हणून आयुष्यात पहिल्यांदा समुद्रकाठी आलेला तो माणूस दोन तास समुद्राकडे पाठ करून माझ्यासाठी गल्लीबोळ फिरला. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांच्या वाटा, तिकडच्या भाषेत पाखाड्या, चढ-उतार, दारोदार चौकशी. खिशातले चिंचोके चालूच होते. शेवटी एका वाण्यानं सांगितलं, वरच्या आळीत एक विधवा बाई आहेत, ब्राह्मणाघरचं जेवण मिळेल, पडवीत निजायलाही देतात. आम्ही पोचलो तेव्हा सूर्य माडांच्या खाली उतरला होता.

त्या बाईंना सगळे काकू म्हणत. साठीच्या, ठेंगण्या, बोलायला मोकळ्या. जेवण तयार आहे म्हणाल्या, लगेच पानं घेते म्हणाल्या. मग तांब्या माझ्या हातात देताना त्यांनी विचारलं, ‘‘नावं काय हो तुमची? सकाळी आंघोळीचं पाणी काढलं की हाक मारायला बरं.’’

एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ‘‘मी बोरा. आम्ही जैन.’’ आणि मग सरांकडे बघितलंही नाही, म्हणालो, ‘‘हे आमचे कुलकर्णी सर.’’

सर पायरीशी वाकून चपला काढत होते. एक चप्पल हातात तशीच राहिली. मग ती त्यांनी दुसरीच्या शेजारी नीट लावली, पाय धुतले आणि आत आले. आम्ही माजघरात जेवलो. माझा शेवटचा घास आणि सूर्य एकदमच खाली गेले. रात्री पडवीत मी त्यांना म्हणालो की उगाच झंझट नको म्हणून तसं सांगितलं, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. ते भिंतीकडे तोंड करून निजले होते. झोपले असतील अशी मी समजूत करून घेतली.

सकाळी काकूंची हाक आली. ‘‘कुलकर्णी, पाणी काढलंय हो.’’ सर उठेनात. त्यांना कळलंच नाही कुणाला हाक मारतायत. दुसऱ्या हाकेला माझ्याकडे एकदा बघून उठले आणि ‘‘आलो’’ म्हणाले.

त्या दिवशी आम्ही गाव पायाखाली घातलं. बंदराचा धक्का, मासळीचा बाजार, जुनी जकातीची इमारत, मशीद, देऊळ, तीन विहिरी, एकाखाली एक उतरत गेलेल्या आळ्या. सर पुढं, मी वही घेऊन मागं. लोक विचारायचे, सरकारी मोजणी आहे काय? सर तळहात वर करायचे आणि शंभर झाल्यावर मागं येऊन सविस्तर सांगायचे. एका कोळ्याच्या म्हातारीला तर त्यांनी परतूर कुठं आहे ते वाळूत काढून दाखवलं. तिनं विचारलं, तिकडं समुद्र नाही तर माणसं जगतात कशावर? ज्वारीवर, असं त्यांनी तिला गंभीरपणे सांगितलं.

समुद्राशी ते अगदी शेवटी गेले. पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून पाण्यात शिरले, ओंजळ भरली आणि तोंडाला लावली. थुंकले नाहीत, गिळलं. बराच वेळ तसेच पाठमोरे उभे होते. परत आले तेव्हा डोळे लाल झालेले, पण ते खाऱ्या वाऱ्यानंही होतात. वही माझ्या हातातून घेऊन त्यांनी लिहिलं, ‘पाणी खारट. बराबर.’ आणि म्हणाले, ‘‘आता पोरांम्होरं म्हणतात म्हणायची गरज न्हाई.’’

काकूंना सर आवडून गेले होते. जेवताना कमी बोलणारे, पान स्वच्छ ठेवणारे, स्वतःचा तांब्या स्वतः विसळणारे. त्या संध्याकाळी वाढता वाढता काकूंनी एक अडचण सांगितली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या यजमानांची तिथी होती. पानावर दोन ब्राह्मण लागतात, एक भटजी येणार होते आणि दुसरे तापानं आडवे झाले होते. ‘‘कुलकर्णी, तुम्ही बसाल का? देशावरचे असलात म्हणून काय झालं. आयते घरात आलात, ह्यांनीच धाडलंनीत म्हणायचं.’’

सर घास हातात धरून बसले. मग एवढंच म्हणाले की बोरासरांना विचारून सांगतो. काकूंना त्यात नम्रपणा दिसला असावा. त्या हसल्या आणि ताक आणायला आत गेल्या.

किल्ल्यावर आम्ही पहाटे निघालो. पायऱ्या एकशे चौसष्ट, त्याच्या पुढं घसरणीची वाट आणि मग दोन बुरुजांमधला दरवाजा. मी खाली आणि मध्ये अशा दोन ठिकाणी कोन घेतले. वर तटावर गेलो तेव्हा चांगलं ऊन आलं होतं. तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला पायाखाली अख्खं गाव, आणि वरच्या आळीत काकूंच्या घराच्या कौलांतून निघणारा धूर. तिथीचा स्वयंपाक चालू झाला होता. सर तटाच्या भिंतीवर बसले. चिंचोके मोजून झाले, वही मिटली आणि मग समुद्राकडे बघत बोलले.

‘‘बोरासर, त्या माउलीनं नाव इचारलं ते पाण्यापुरतं. मी तव्हाच बोलायला पाह्यजे होतं. पण तुमचा दिवस बुडत होता अन् तुम्ही उपाशी होतात. दोन दिस त्या नावाला ओ देऊन राह्यलो. आता तिच्या नवऱ्याच्या पानावर बसणं माझ्याच्यानं होणार न्हाई. बापासंगं दीक्षा घेतली तव्हा बोललो होतो, खोटं बोलणार न्हाई अन् श्राद्धाला शिवणार न्हाई. एका बैठकीत दोन्ही शब्द मोडायचे का?’’

मी म्हणालो की तब्येत बरी नाही असं सांगू. त्यावर ते माझ्याकडे वळले.

‘‘नाव एक, त्याला ओ दिली ते दुसरं, अन् हे तिसरं खोटं. नाव तुम्ही दिलंय, काढून बी तुम्हीच घ्या. मी सांगितलं तर तिला वाटंल मीच लपवलं.’’

यात न पटण्यासारखं काहीच नव्हतं. मी कबूल झालो. मी पुढं जाऊन काकूंना सांगतो, तुम्ही मागून या, असं ठरलं. ते खूश झाले. ‘‘जा तुम्ही, मी मोजीत येतो. अर्धा घंटा लागंल मला. तेवढा वक्त बस झाला तुम्हाला.’’ तटावरून त्यांनी मला हात केला आणि मी पायऱ्या उतरू लागलो.

वाटेत मी वाक्य जुळवलं. काकू, माझी एक चूक झाली. इथपासून सुरुवात करायची होती. घरात शिरलो तर काकू सोवळ्यात, चुलीपुढं घामाघूम. मला बघून बाहेर आल्या. म्हणाल्या, कुलकर्णींसाठी ह्यांचं सोवळं काढून ठेवलंय, पेटीतून सात वर्षांनी काढलं, त्यांना बरोबर होईल. आणि मग यजमानांविषयी सांगत राहिल्या. त्यांना खीर कशी लागायची, त्यांचं बोलणं कसं थोडं होतं, तुमच्या कुलकर्णींसारखंच. मी म्हणालो, ‘‘काकू, एक सांगायचं होतं.’’ त्या म्हणाल्या, ‘‘सांगा की.’’

मी म्हणालो, ‘‘किल्ल्यावरच्या टाक्याचं पाणी गोड आहे.’’

त्या म्हणाल्या, हो, पूर्वीपासून गोडच आहे, आणि आत गेल्या. मी झोपाळ्यावर बसून राहिलो. अजून वीस मिनिटं आहेत, अजून पंधरा आहेत, असं मनाशी म्हणत राहिलो. भटजी आले. पानं मांडली गेली. मला भीती कशाची होती, हे मी स्वतःला हजारदा विचारलं आहे. काकू मला काय करणार होत्या? फार तर जेवायला नाही म्हणाल्या असत्या.

हिवाळे सर आले ते चक्क हसत आले. त्यांना वाटत होतं, मी सांगून मोकळा झालोय. दोन दिवसांत पहिल्यांदा ते त्या घरात आपल्या नावानं पाय टाकत होते. खिशातले चिंचोके ओंजळीत काढून दारातूनच म्हणाले, ‘‘काकू, तुमच्या दारापासून किल्ल्याचा दरवाजा बराबर दोन हजार एकशे चाळीस पावलं.’’

‘‘मोजलंतही?’’ काकू कौतुकानं म्हणाल्या. ‘‘बरं, कुलकर्णी, आधी आंघोळ करून घ्या हो. भटजी येऊन बसलेत.’’

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी विहिरीच्या रहाटाकडे बघत होतो. मग त्यांचा आवाज ऐकू आला, वर्गात हजेरी घेताना असायचा तसा.

‘‘काकू, माझं नाव भगवान तुकाराम हिवाळे. राहणार पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन.’’

काकू नुसत्या बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. हिवाळे म्हणजे कोण, हे आमच्या भोकरदन-जालन्याकडे शेंबडं पोर सांगेल. समुद्रकाठच्या त्या बाईंना ते आडनाव कधी ऐकूनही माहीत नव्हतं. मी पहिल्या दिवशी खरं नाव सांगितलं असतं, तर त्या दोन्ही सकाळी ‘हिवाळे, पाणी काढलंय हो’ म्हणाल्या असत्या आणि गोष्ट तिथंच संपली असती. जात त्यांनी विचारलीच नव्हती. ती माझ्या डोक्यात होती, परतूरपासून मी ती बरोबर घेऊन आलो होतो. हे मला त्या क्षणी, रहाटाकडे बघताना कळलं.

सरांनी पुढं सांगितलं, आम्ही बौद्ध, छप्पन सालापासून. तुमच्या तिथीत माझ्यामुळं खोट नको. कुलकर्णी हे नाव कुणी सांगितलं, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. काकू माझ्याकडे वळल्या.

‘‘मी हाक मारायला नाव विचारलं होतं,’’ असं त्या मला म्हणाल्या.

आतून भटजी खाकरले. काकूंनी मांडलेल्या पानांपैकी एक उचललं. सरांना म्हणाल्या, तिथीच्या दिवशी दारातून कुणी उपाशी जाऊ नये, बसा, पडवीत पान वाढते. आदले दोन दिवस ते माजघरात जेवले होते. पडवीत का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. त्या बाई मुळात चांगल्या होत्या की नव्हत्या, हे मला आजही सांगता येणार नाही. चांगलं वागायची संधीच मी त्यांना वेळेवर दिली नव्हती. सरांनी हात जोडले, ‘‘आज नको, माय’’ म्हणाले, पिशवी घेतली, पायरीशी चपला घातल्या आणि निघाले. पाखाडीवरून जाताना त्यांचा हात एकदा डाव्या खिशाकडून उजव्या खिशाकडे गेलेला मी पाहिला.

मी त्यांच्यामागं जायला हवं होतं. मी गेलो नाही. गाडी तीन वाजताची होती, रात्री प्रवास, दिवस बुडल्यावर मला खाता येणार नव्हतं. काकूंनी माझं पान मांडलं, माजघरातच. काही न बोलता वाढलं. खीर होती. मी जेवलो. इतक्या वर्षांत मी पुष्कळ गोष्टींना काही ना काही कारण शोधून काढलं, पण त्या खिरीला मला कारण सापडलेलं नाही.

एस. टी. स्टँडवर सर बाकावर बसून वहीत आकडे भरत होते. गाडीत त्यांनी मला खिडकीची जागा दिली, मला घाट लागतो हे त्यांना माहीत होतं. अर्धा घाट चढल्यावर मी कसंबसं म्हणालो, ‘‘हिवाळे सर, मी सांगणारच होतो.’’

ते समोर बघत होते. ‘‘असं म्हणतात,’’ म्हणाले.

तेवढंच ते मला आयुष्यात कडू बोलले. परतूरला आल्यावर त्यांनी पूर्वीसारखंच वागणं ठेवलं. फक्त आमच्या ओट्यावर यायचे बंद झाले. महिनाभरानं सातवीच्या वर्गात नवा नकाशा लागला. बंदर, आळ्या, विहिरी, पाखाड्या, किल्ला, भरतीची रेघ, ओहोटीची रेघ. खाली सुबक अक्षरात, मोजणी : भगवान तुकाराम हिवाळे. किल्ल्याची उंची : बोरा सर. माझं नाव त्यांनी गाळलं नव्हतं. वरच्या आळीत एक लहान चौकोन होता, त्यात लिहिलं होतं ‘काकूंचं घर’ आणि स्टँडपर्यंत किती पावलं तो आकडा. त्या दुपारीसुद्धा ते मोजत गेले होते. मला वर्गात मुद्दाम त्या भिंतीकडे पाठ करून शिकवावं लागायचं.

पुढं त्यांना जालन्याच्या एका शाळेत जागा मिळाली आणि ते गेले. निरोपसमारंभात आभाराचं भाषण माझ्याकडे होतं. मी दोन दिवस आजारी पडलो. नंतर विद्यापीठाला द्यायच्या एका नावावरून सगळा मराठवाडा पेटला, बौद्धांची घरं जळाली, पिंपळगावच्या बाजूच्या बातम्या कानांवर येत राहिल्या. परतूरहून जालना गाडीनं किती लांब? मी एकदाही जाऊन विचारपूस केली नाही. पत्र लिहिलं होतं, पाकिटावर पूर्ण नावही घातलं होतं. ते कपाटात राहिलं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतर वर्षभरानं, नवीन जालन्यात. पुतणीच्या लग्नाच्या कामासाठी गेलो होतो आणि स्टेशनकडे परत येत होतो. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. रस्त्यावर मोटारसायकली, हातगाड्या, पोती लादलेले ट्रक. पुढं पंधरा-वीस पावलांवर पांढरा सदरा दिसला. केस पिकले होते, पण चाल तीच. मी हाक मारली, ‘‘हिवाळे सर.’’

मागं न बघता त्यांनी उजवा तळहात वर केला.

मी त्यांच्यामागं चालू लागलो. मनात वाक्य तयार होतं. काकू ऐवजी सर एवढाच बदल, बाकी तेच. सर, माझी एक चूक झाली. ते उभे राहिले. चिंचोका डावीकडून उजवीकडे गेला. मग वळले, मला ओळखलं आणि माझ्याजवळ चालत आले. ‘‘बोला, बोरासर.’’

घाईत नव्हते. रस्त्याच्या कडेला, एका बंद दुकानाच्या सावलीला मला घेऊन उभे राहिले. माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना वाट बघायची सवय होती आणि मला वाटतं, ते तेव्हाही वाट बघत होते.

मी विचारलं, ‘‘परतूरची गाडी किती वाजता आहे?’’

त्यांनी वेळ सांगितली. गाडी रोज किती मिनिटं उशिरा येते तेही सांगितलं, बराबर. मग आणखी थोडं थांबून म्हणाले, ‘‘अजून काही?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मघाशी जिथं उभे राहिले होते नेमके त्या जागी परत गेले, आणि तिथून पुढं चालू लागले. मी सावलीतच उभा राहून त्यांची पावलं मोजत होतो. शंभराला त्यांचा हात खिशाकडे गेला. आणखी एकदा हाक मारली असती तर त्यांनी पुन्हा तळहात वर केला असता, पुन्हा शंभराला थांबले असते आणि पुन्हा मागं आले असते. मी हाक मारली नाही.